'आणि मग गाडी कुठे जाते?' : प्रतिकृती रेल्वेला खरी रेल्वे करणारी हौशी माणसे

रूळवेडा

गेल्या दिवाळीत मी आमच्या ठाण्याच्या घरातील १२ फूट बाय ७ फूट खोलीत एचओ प्रमाणाची, म्हणजे १:८७ ची, आगगाडी मांडली. प्लायवूडवर एक लंबगोल मार्ग, दोन सायडिंगे (डबे उभे करण्याचे बाजूचे रूळ), एक स्थानक आणि एक बोगदा एवढाच पसारा होता. पहिल्या आठवड्यात शेजारीपाजारीही पाहून गेले. तिसऱ्या आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, ही गाडी कुठे जाते?" मी म्हणालो, "बोगद्यात." "आणि मग?" "मग परत येते." त्यानंतर तिने त्या खोलीत पाऊल टाकलेले नाही आणि खरे सांगायचे तर मीही फारसा जात नाही.

तिच्या 'आणि मग'ला उत्तर नव्हते, म्हणून या छंदाचा इतिहास वाचायला घेतला. अमेरिकेत १९३४ साली 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक निघाले आणि १९३५ साली मिलवॉकी येथे हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रुळांमधील अंतर, चाकांची कड यांची मानके ठरल्यामुळे एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर धावू लागला. पण मानकांनी गाडी फक्त धावते. ती खऱ्या रेल्वेसारखी दिसावी आणि वागावी, हे शिकवले ते फ्रँक एलिसन, जॉन ॲलन, जॉन आर्मस्ट्राँग, ॲलन मॅक्लेलंड अशा काही व्यक्तींनी, आणि तेही मुख्यतः स्वतःच्या घरात मांडलेल्या रेल्वेवर प्रयोग करून.

माझ्या मते जॉन ॲलन यांनी ती दिसायला खरी केली आणि आर्मस्ट्राँग यांनी वागायला खरी केली. त्यात दुसरे काम अधिक मोलाचे आहे. जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

सांधेवाला

धागा उत्तम आहे, पण ही वाटणी मला मान्य नाही. जॉन ॲलन (१९१३–१९७३) यांना 'देखाव्यापुरते' ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते व्यावसायिक छायाचित्रकार होते, आणि त्यामुळे डोळा कशाने फसतो हे त्यांना नेमके ठाऊक होते. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील घराच्या तळघरात त्यांनी उभारलेल्या रेल्वेचे नाव 'गोरी अँड डिफीटेड'. स्पेलिंग मुद्दाम वेडेवाकडे ठेवलेले, उच्चार केला की अर्थ निघतो 'रक्तबंबाळ आणि पराभूत'. तिचे डोंगर टेबलावर ठेवलेले नव्हते, ते जमिनीपासून छतापर्यंत गेलेले होते. पाहणारा माणूस दरीत उभा असल्यासारखा भासे. मागच्या इमारती मुद्दाम लहान प्रमाणात बांधून आणि आरसे बसवून त्यांनी खोली होती त्याहून कितीतरी मोठी भासवली. नव्याकोऱ्या चकचकीत डब्यांवर गंज, काजळी आणि धूळ चढवण्याची रीत आज प्रत्येक जण वापरतो. ती लोकप्रिय करण्यात त्यांच्या छायाचित्रांचा वाटा फार मोठा आहे.

आता वागण्याविषयी. त्यांच्याकडे मित्रमंडळी ठरलेल्या संध्याकाळी जमत आणि वेग वाढवलेल्या घड्याळावर वेळापत्रकानुसार गाड्या चालवत. शंटिंगचे, म्हणजे डबे पुढेमागे करून हव्या त्या रुळावर लावण्याचे, प्रसिद्ध कोडे 'टाइमसेव्हर' त्यांचेच आहे: रूळ बदलण्याचे पाच सांधे, आखूड सायडिंगे, मोजके डबे आणि एक इंजिन. त्याच माणसाकडे १३ क्रमांकाचे एक शंटिंग इंजिन होते, ते म्हणजे चक्क एक डायनोसॉर. वास्तवाचा इतका ध्यास असलेला माणूस इतका मिस्किलही असू शकतो, हे मला फार भावते.

जानेवारी १९७३ मध्ये ते हृदयविकाराने गेले आणि दहा दिवसांनी त्या तळघराला आग लागून जवळजवळ सर्व जळाले. आज आपण पाहतो ती केवळ छायाचित्रे आहेत.

पुणेरी पाटी

डायनोसॉर शंटिंगला होता हे वाचून एवढेच म्हणतो की आमच्या लहानपणीच्या काही इंजिनांचे वयही साधारण तेवढेच वाटत असे.

चिकित्सक

दोघांनीही सुरुवात मधूनच केली आहे. मूळ कल्पना फ्रँक एलिसन यांची आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांची एचओहून मोठ्या ओ प्रमाणाची 'डेल्टा लाइन्स' होती. १९४४ साली त्यांनी 'मॉडेल रेलरोडर'मध्ये लेखमाला लिहून प्रतिकृती रेल्वेची तुलना नाटकाशी केली. देखावा म्हणजे नेपथ्य, गाड्या म्हणजे पात्रे आणि वेळापत्रक म्हणजे संहिता. ही उपमा मराठी माणसाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पात्र रंगमंचावर येते तेव्हा ते विंगेत उभे होते हे प्रेक्षकाला माहीत असते, तरी ते कोर्टातून किंवा शेतावरून आले असे तो मानतो, कारण पात्र तसे काम घेऊन आलेले असते. रूळवेडा यांच्या मंचावर एकच पात्र गोल गोल फिरते आहे आणि त्याला एकही वाक्य दिलेले नाही.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर 'विंगेत जाते' असे आहे. ब्रिटनमध्ये रेव्हरंड पीटर डेनी यांनी आपल्या 'बकिंगहॅम' या रेल्वेत नेमकी हीच सोय केली. पडद्याआड काही रूळ, तिथे गाडी जाते, हाताने तिची रचना बदलली जाते आणि ती वेगळी गाडी म्हणून परत येते. त्याला तिकडे फिडल यार्ड म्हणतात. अमेरिकेत ॲलन मॅक्लेलंड यांनी हा विचार पूर्णत्वाला नेला. ओहायोतील डेटन येथील त्यांची 'व्हर्जिनियन अँड ओहायो' ही ॲपलेशियन डोंगरातील कोळसा वाहणारी कल्पित रेल्वे होती. त्यांचे सूत्र 'तळघराच्या पलीकडे' या शब्दांनी ओळखले जाते. तुमच्या खोलीत दिसतो तो रेल्वेचा एक तुकडा, बाकीची रेल्वे भिंतीपलीकडे आहे असे समजून प्रत्येक गाडीचे येणे-जाणे ठरवायचे. कोळशाची भरलेली वाघीण भिंतीकडे जाते आणि रिकामी परत येते. ती पलीकडे कुठल्यातरी वीजकेंद्रात उतरवली गेली, असे सर्वांनी मानायचे.

रूळवेडा

'पात्राला एकही वाक्य दिलेले नाही' हे वर्मी लागले. ते वाक्य द्यायचे कसे?

ओहायोची सून

त्याचे उत्तर मी पाहिले आहे, कारण एकदा आमच्या शेजारच्या काकांनी मला त्यांच्या तळघरातील 'सेशन'ला नेले होते. आठ माणसे होती, बहुतेक साठीच्या पुढची. भिंतीवरचे घड्याळ चौपट वेगाने धावत होते, म्हणजे पंधरा मिनिटांत रेल्वेचा एक तास. मला एक छोटी मालगाडी दिली आणि हातात पत्त्यांसारखी एक गड्डी ठेवली.

प्रत्येक वाघिणीसाठी एक जाड कागदाचे कार्ड असते. त्यावर तिचा क्रमांक, रंग आणि प्रकार लिहिलेला असतो आणि खाली एक खिसा असतो. त्या खिशात मालाची छोटी चिठ्ठी जाते: अमुक कारखान्यातून तमुक गावच्या गोदामाला, लाकूड. सेशन संपले की यजमान चिठ्ठी उलटतात आणि त्याच वाघिणीला नवे ठिकाण मिळते. ही कार्डांची पद्धत डग स्मिथ यांनी १९६१ साली मासिकात मांडली होती, असे काकांनी सांगितले. तिच्यामुळे कोणती वाघीण कुठे सोडायची हे मालकाच्या लहरीवर राहत नाही.

मी तीन तासांत चार गावे केली, त्यांतल्या एका ठिकाणी फर्निचरच्या गोदामापुढे गुरांची वाघीण उभी करून आले. कोणी रागावले नाही, पण पुढच्या गाडीच्या चालकाने ती उचलताना "सोफा हंबरतो आहे" असे मोठ्याने जाहीर केले. त्या तीन तासांत डोंगर आणि झाडे मी जवळपास पाहिलीच नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगते.

पुणेरी पाटी

दिवसभर कचेरीत फॉर्म भरून संध्याकाळी घरी पुन्हा फॉर्म भरण्याच्या या छंदास माझा पूर्ण पाठिंबा आहे, मात्र सहभाग नाही.

सांधेवाला

विनोद सोडा, पण पाटी यांच्या बोलण्यात तथ्य आहे. 'ओहायोची सून' यांनी झाडे पाहिली नाहीत म्हणतात. मग कोऱ्या फळीवर कार्डे खेळली असती तरी चालले असते. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांची 'मॅडर व्हॅली' ही रेल्वे निसर्गात वसलेली दाखवण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक होती. ती आज पेंडन संग्रहालयात जपलेली आहे. त्याच पेंडनमध्ये रॉय इंग्लंड या मूळच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी इंग्लिश खेड्यातील शाकारलेली घरे एकेक मोजून, तशीच्या तशी प्रतिकृतीत उतरवण्याचे काम सुरू केले. तिथे गाडी हे गौण पात्र आहे. त्याला कमी खरे म्हणणार का?

निवृत्त गार्ड

मी आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढले आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. कारखाना, गोदाम, पाण्याची टाकी यांच्या जागा कामावरून ठरतात. त्यामुळे ज्याला काम कळते त्याचा देखावा आपोआप बरोबर येतो. सायडिंगच्या टोकाला बफर असतो, त्याच्या अलीकडे रुळांत गवत वाढलेले असते, कारण इंजिन तिथवर क्वचितच जाते. हे गवत देखाव्यात धरायचे की कामात?

मला विशेष कुतूहल डेनी यांचे वाटते, कारण ते दोन स्थानकांमध्ये घंटांच्या संकेतांनी गाडी विचारत आणि स्वीकारत. आपल्याकडचे 'लाइन क्लिअर', म्हणजे मार्ग मोकळा असल्याची पुढच्या स्थानकाची परवानगी, त्याच जातीचे आहे. शेजारचे स्थानक त्यांचा मुलगा क्रिस्पिन सांभाळत असे. तो मोठा होऊन दूर गेल्यावर डेनी यांनी त्याच्या जागी घंटांना उत्तर देणारे आणि गाड्या पाठवणारे एक यंत्र बनवले व त्याला 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन' असे नाव दिले. एका बापाने केलेले हे यंत्र आहे, हे वाचताना मी जरा थांबलो.

अमेरिकी मंडळी कंट्रोलरच्या लेखी हुकमांवर गाड्या चालवतात. आपल्याकडे एकेरी मार्गावर परवाना म्हणून गोळा होता. दोन स्थानकांतील यंत्रे विजेने जोडलेली असत. एका यंत्रातून एक गोळा बाहेर आला की तो परत कोणत्याही एका टोकाला आत जाईपर्यंत दुसरा निघत नसे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या रिंगने ड्रायव्हरला देत. गोळा हातात नाही, तर सिग्नल पडलेला, म्हणजे 'जा' म्हणणारा, असला तरी गाडी हलायची नाही. रूळवेडा, तुम्हाला यंत्र नको. दोन काड्यापेट्या आणि एक गोटी पुरे.

रूळवेडा

गार्डसाहेब, गोटीची कल्पना मी चोरली असे समजावे. आता मनातले सांगतो. मला भोर घाट करायचा आहे: कर्जत ते लोणावळा, मागे बँकर, म्हणजे ढकलणारे जादा इंजिन, लावून वर चढणाऱ्या गाड्या, बोगदे, १९२९ पूर्वीचे खंडाळ्याजवळचे गाडी उलटी फिरवण्याचे स्थानकसुद्धा.

चिकित्सक

हिशेब करू. कर्जत ते लोणावळा सुमारे २८ किलोमीटर, भागिले ८७, म्हणजे जवळजवळ ३२२ मीटर. २४ डब्यांची गाडी १:८७ मध्ये सुमारे ६ मीटर भरते. तुमची खोली १२ फूट, म्हणजे साडेतीन मीटरांहून थोडी अधिक.

आर्मस्ट्राँग यांचा उपयोग इथेच होतो. पेशाने ते अभियंते होते आणि घरी त्यांची ओ प्रमाणाची 'कॅनन्डेग्वा सदर्न' होती. १९६३ साली निघालेल्या त्यांच्या मार्गआखणीवरील पुस्तकाने कित्येक पिढ्यांना शिकवले. त्यांची रीत अशी की कागदावर रूळ काढण्याआधी खोली चौकोनांत मोजायची. चौकोनाची बाजू म्हणजे सर्वांत लहान वळणाची त्रिज्या अधिक शेजारच्या दोन मार्गांमधील अंतराची दुप्पट. २४ इंच त्रिज्या आणि २ इंच अंतर धरले तर बाजू २८ इंच होते. तुमची खोली १४४ बाय ८४ इंच, म्हणजे ५ बाय ३ चौकोन. गाडीला पूर्ण वळून परत यायचे तर दोन चौकोन रुंदी लागते. उरतो एक चौकोन, म्हणजे २८ इंच, आणि त्यात तुम्ही, खुर्ची आणि दार.

ते आणखी एक यादी करायला लावत: बदलता न येणाऱ्या गोष्टी एकीकडे आणि मनातल्या इच्छा दुसरीकडे. खोली पहिल्या यादीत जाते आणि भोर घाट दुसऱ्या.

निवृत्त गार्ड

चिकित्सकांच्या हिशेबात एक भर घालतो. घाटाचा चढ १:३७ आहे. हलक्या प्रतिकृती डब्यांना मागून बँकर लावून वळणावर ढकलले, की मधले डबे रुळांबाहेर पडतात. खऱ्या गाडीत वजन साथ देते, तुमच्या गाडीत देणार नाही.

कुर्डुवाडीकर

मग घाट सोडा आणि पठारावर या. आमची बार्शी लाइट रेल्वे घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आताची कुर्डुवाडी, ते बार्शी असा हा अरुंद मार्ग सुरू केला. पुढे तो १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज येथवर गेला. रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा, ८.७६ येते. बाजारात मिळणारे, एचओहून लहान अशा एन प्रमाणाचे रूळ ९ मिलिमीटरचे असतात. याउलट आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे १९.२६, आणि तुमच्याकडचे रूळ १६.५ चे. तुमच्या घाटातील प्रत्येक इंजिन रुळांच्या मानाने फार रुंद दिसले असते.

आणि काम हवे असेल तर कुर्डुवाडीइतके काम कुठे मिळणार? ब्रॉडगेजची वाघीण एका बाजूला, नॅरोगेजची दुसऱ्या बाजूला, मध्ये फलाट आणि प्रत्येक पोते हाताने इकडून तिकडे. आषाढीला पंढरपूरकडे जादा गाड्या. त्या दिवसांत वेळापत्रक कसे विस्कटायचे हे आमच्या आजोबांच्या पिढीकडून ऐकावे.

सांधेवाला

जुळवाजुळव सुंदर आहे. फक्त आता 'हुबेहूब कुर्डुवाडी की कल्पित गाव' हा वाद सुरू होईल, म्हणून आधीच लिहितो. टोनी कोएस्टर हे संपादक होते आणि मॅक्लेलंड यांचे सहप्रवासी. त्यांची कल्पित 'अलेघेनी मिडलंड' नावाजलेली होती. तीच त्यांनी मोडली आणि 'निकल प्लेट' या खऱ्या रेल्वेचा १९५४ सालचा एक तुकडा उभारला. उलट डेनी जन्मभर एका कल्पित फाट्यावर राहिले आणि तो फाटा खरा नाही असे कोणाला वाटले नाही. म्हणजे थोर माणसांचे दाखले दोन्ही बाजूंना मिळतात, मुकाट्याने आपल्या खोलीचे ऐकावे.

चिकित्सक

प्रथमच सहमत. अरुंद मार्गाला १२ इंच त्रिज्या आणि दीड इंच अंतर धरले तर चौकोन १५ इंचांचा होतो आणि त्याच खोलीत साडेनऊ बाय साडेपाच चौकोन बसतात. तरीही पहिल्या महिन्यात वळण घेऊच नका. ॲलन राइट यांचे 'इंगलनूक' करा. तीन सायडिंगे, एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांत प्रत्येकी तीन. बाहेरच्या शंटिंग रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणींतून चिठ्ठ्या काढून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जोडायची. क्रम ६,७२० प्रकारचे निघतात, त्यामुळे मुलगी इतक्यात कंटाळणार नाही.

पुणेरी पाटी

मी सहभागी नाही असे लिहिले होते. रात्री कागदाचे आठ तुकडे आणि तीन पट्ट्या घेऊन बसलो होतो. सव्वा बारा वाजले. तक्रार कुठे करावी?

रूळवेडा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. लंबगोल मोडला. खोलीच्या लांब भिंतीला १६ इंच रुंदीची एकच फळी लावली आहे. डाव्या बाजूला एक कल्पित जंक्शन, उजव्या टोकाला पुठ्ठ्याच्या भिंतीला भोक आणि त्याच्यामागे तीन रुळांची विंग. अजून झाडे नाहीत, फक्त सायडिंगच्या टोकाला थोडे गवत चिकटवले आहे, गार्डसाहेबांच्या नावाने. वाघिणी सध्या सहा आहेत आणि त्यांची कार्डे मुलीने जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूवर बनवली. "शेंगपेंड, बार्शीहून" अशी चिठ्ठी तिने स्वतः लिहिली. शेंगपेंड म्हणजे काय हे मला आधी तिला समजावून सांगावे लागले आणि त्याआधी मला आईला विचारावे लागले.

विंगेकडचे स्थानक ती सांभाळते, जंक्शन मी. परवा चार वाघिणींची गाडी जोडून मी निघण्याच्या बेतात होतो आणि गोटी तिच्या काड्यापेटीत होती. मी दोनदा टेबलावर टकटक केली. तिने लाइन क्लिअर दिली नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली की तिच्याकडून पंढरपूरची जादा गाडी आधीच सुटली आहे, मी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबावे. मी भिंतीतल्या भोकाकडे पाहत थांबलो.

मूळ प्रश्नाविषयी माझे मत बदलले आहे. पहिला मान मी आता एलिसन यांना देईन. कुर्डुवाडीकर, एक विचारायचे राहिले: पोती उतरवण्याच्या फलाटावर नॅरोगेजची वाघीण ब्रॉडगेजच्या अगदी समोर उभी असे, की थोडी पुढेमागे? माझ्याकडे फलाटासाठी ११ इंचच जागा आहे.

कुर्डुवाडीकर

काकांना विचारून उद्या कळवतो. तोवर फलाट चिकटवू नका.